वर्गातली सावड

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी आपण कोणा ना कोणा विदुषीला बोलावता. यंदा घरचीच बाई उभी केली आहे. मी तुमच्या शेजारची, तुमच्याच मुलांना इतिहास-भूगोल शिकवणारी. तेव्हा मोठे व्याख्यान देण्याचा आव मी आणणार नाही. कार्यवाहबाईंनी विषयही असा दिला की तो टाळताच येऊ नये. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या वर्गात म्हणे मुलेच मुलांना शिकवतात. हे काय आहे ते एकदा आम्हां आयांना नीट सांगा. आमच्यात त्यावरून दोन तट पडले आहेत."

तट पडले आहेत हे मला ठाऊक आहे. भाजीच्या गाडीपाशी आणि शाळेच्या फाटकापाशी काय बोलले जाते ते आम्हां शिक्षिकांच्या कानावर येतेच. एक पक्ष म्हणतो, शिकवण्याचा पगार बाई घेतात आणि शिकवायचे काम मुलांवर ढकलतात. दुसरा पक्ष याहून गंभीर बोलतो. तो म्हणतो, माझी मुलगी हुशार आहे; तिने स्वतःचा अभ्यास करायचा की मागच्या बाकावरच्यांची शिकवणी घ्यायची? दहावी तोंडावर आली आहे, तिचे नुकसान कोण भरून देणार? हा प्रश्न रागाने विचारला जात असला तरी तो रास्त आहे. त्याचे उत्तर मी दिलेच पाहिजे. पण आधी ही पद्धत म्हणजे काय ते सांगते.

आपल्याकडे शेतकऱ्यांत सावड घालण्याची चाल आहे. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. बैल कमी, माणसे कमी, आणि वापसा तर दोन दिवसांचा. अशा वेळी एकट्याने काम उरकत नाही, म्हणून चार घरे एकत्र येतात. काही भागांत सगळे गाव मिळून एखाद्याची नांगरट उरकून देते, त्याला इर्जिक म्हणतात. शेत आपल्याला दूरचे वाटत असेल तर आपला उन्हाळा आठवा. पापड एकटीने होत नाहीत. एक पीठ कुटते, एक लाट्या करते, दोघी-तिघी लाटतात, एक गच्चीवर वाळत घालते. यांतले एक माणूस उठून गेले की सगळ्यांचे काम अडते. आणि त्याच घरात असाही प्रकार आपण पाहिला आहे की एकटी सून लाटते आहे आणि सहा जणी भोवती बसून गप्पा मारीत आहेत. दोन्ही ठिकाणी बायका गोल करूनच बसलेल्या असतात. पण पहिल्याला सावड म्हणावे. दुसऱ्याला नुसता घोळका.

वर्गातही नेमके हेच आहे. चार मुले जवळ बसवली म्हणजे गट झाला असे नाही. प्रकल्पाच्या वहीवर चौघांची नावे, आणि काम एकटीचे, तेही रात्री अकरापर्यंत जागून तिच्या आईने केलेले, असे गट आपण पुष्कळ पाहिले. ज्या आया गटाच्या नावाने बोटे मोडतात त्या याच गटाच्या नावाने मोडतात, आणि ते चुकीचे नाही. माणूस जमावात गेला की हात आखडता घेतो हे जुने निरीक्षण आहे. रिंगेलमान नावाच्या एका फ्रेंच शेतकी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले आणि १९१३ साली ते प्रसिद्ध केले. एकटा माणूस जेवढ्या जोराने दोर ओढतो तेवढ्या जोराने तो सात-आठ जणांत ओढत नाही, असे त्यात आढळले. मोठी माणसे असे करतात, तर तेरा-चौदा वर्षांची मुले का करणार नाहीत? म्हणून गटाची सारी कला एवढ्यातच आहे की प्रत्येकाचा हात दिसला पाहिजे, आणि प्रत्येकाच्या हातावाचून इतरांचे अडले पाहिजे.

मुलांनी मुलांना शिकवावे हा विचारही काही काल-परवाचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेस अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री सैनिकांच्या अनाथ मुलग्यांची शाळा चालवीत होते. तेथल्या देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्या पंतोजींच्या धुळाक्षरांचीच ती बहीण म्हणायची. बेल यांनी ती रीत आपल्या शाळेत आणली आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेतले. १७९७ साली त्यांनी त्याचा वृत्तान्त इंग्लंडात छापला आणि ही 'मद्रास पद्धती' तिकडच्या कितीतरी शाळांत पसरली. मास्तर एक आणि मुले शेकड्यांनी, अशा गरिबांच्या शाळांना तिचा आधार झाला. पण त्या पद्धतीत एक उणेपण होते. सांगणारा नेहमी वरचा आणि ऐकणारा नेहमी खालचा. मॉनिटर तो मॉनिटरच राहावयाचा. मी ज्या पद्धतीविषयी बोलते आहे तिच्यात ही उतरंड नाही. आज मी सांगेन, तू ऐक; घटकाभराने तू सांग, मी ऐकते.

याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथे १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल झाला तरी मुले प्रत्यक्ष एका वर्गात येऊन बसायला ठिकठिकाणी बरीच वर्षे लागली. टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच अशी एकत्र आली, तेव्हा शाळांतून भांडणे आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. तेथल्या विद्यापीठात एलियट अ‍ॅरन्सन नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना शाळाखात्याने मदतीस बोलावले. ते आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात जाऊन बसले आणि पाहू लागले. त्यांना काय दिसले? बाई प्रश्न विचारतात, सात-आठ हात वर होतात, एकाला संधी मिळते, बाकीचे हिरमुसतात. आणि ज्याला उत्तर येत नाही तो खाली मान घालून, बाईंची नजर आपल्यावर पडू नये म्हणून आकसून बसतो. दुसऱ्याचे उत्तर चुकावे अशीच प्रत्येकाची मनोमन इच्छा. अशा वर्गात एकमेकांविषयी आधीच अढी असलेली मुले बसवली, तर ती अढी वाढणार नाही तर काय होईल?

अ‍ॅरन्सन यांनी युक्ती केली ती अशी. वर्गाचे पाच-सहा जणांचे गट पाडले, प्रत्येक गटात सर्व प्रकारची मुले. धड्याचे तेवढेच तुकडे केले आणि प्रत्येकाला एकच तुकडा दिला. उरलेले तुकडे सोबत्यांच्याच तोंडून कळायचे. परीक्षा मात्र सबंध धड्यावर, आणि ज्याची त्याने द्यायची. वेगवेगळ्या गटांतील, पण एकच तुकडा मिळालेली मुले आधी एकत्र बसत, तो नीट समजून घेत, आणि मग आपापल्या गटात परतून सांगत. चित्राचे तुकडे जुळवण्याचे लाकडी कोडे असते ना, त्यावरून या रीतीला 'जिगसॉ' असे नाव पडले.

एका मेक्सिकन वंशाच्या मुलाची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. त्याच्या घरची भाषा स्पॅनिश. इंग्रजी बोलताना तो अडखळायचा, म्हणून वर्गात गप्पच असे. आता त्याला आपला तुकडा सांगणे भाग पडले. तो चाचरू लागला आणि सोबती खिदळू लागले. तेव्हा देखरेख करणाऱ्या व्यक्तीने त्यांना उपदेश केला नाही. हसायचे तर हसा, पण याने तुमचा भाग तुम्हांला कळणार नाही आणि परीक्षा जवळ आली आहे, एवढीच गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून दिली. मुलांनी बदल केला तो दयेपोटी नव्हे, गरजेपोटी. ती त्याला धीर देऊन नेमके प्रश्न विचारू लागली, तो उत्तरे देऊ लागला, आणि आपण समजत होतो तेवढा हा मंद नाही असे त्यांना आढळले. पुढे त्यांच्यात मैत्री झाली.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते: हुशार मुलांचे काय? ऑस्टिनच्या त्या वर्गांची नेहमीच्या वर्गांशी तुलना केली, तेव्हा काळ्या आणि मेक्सिकन मुलांचे गुण वाढलेले दिसले. आणि गोऱ्या मुलांचे गुण नेहमीच्या वर्गातल्याइतकेच राहिले, घटले नाहीत. ही मुले दिवसभर गटात बसत नसत, रोजच्या वेळातला काही भागच तसा जात असे, हेही लक्षात घ्या. प्रामाणिकपणे पुढचेही सांगते. नंतर अन्यत्र ज्या पाहण्या झाल्या त्या सगळ्यांत एवढा लाभ दिसला असे नाही. काही वर्गांत अभ्यासात फरकच पडला नाही. औषध एकच असले तरी अनुपान सांभाळले नाही तर गुण येत नाही, तसेच हे आहे.

हे अनुपान कोणते, याचा शोध पुष्कळांनी घेतला. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या दोघा भावांनी सारी हयात याच कामी वेचली. ते सांगतात की गटाला पाच गोष्टी लागतात. एकाचे दुसऱ्यावाचून अडले पाहिजे. प्रत्येकाला स्वतःचा हिशेब द्यावा लागला पाहिजे. समोरासमोर बसून एकमेकांना पुढे नेले पाहिजे. ऐकून घेणे, पाळीपाळीने बोलणे, मतभेद न भांडता मांडणे, या सवयी मुद्दाम शिकवल्या पाहिजेत. आणि काम झाल्यावर आपले कुठे जमले, कुठे फसले, हे गटाने स्वतःच पाहिले पाहिजे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट स्लेव्हिन यांनी यात एक हिशेबी गोष्ट घातली, तीच मला सर्वांत उपयोगी पडली. गटाचे कौतुक करायचे ते गटातल्या प्रत्येकाने स्वतःच्या मागल्या सरासरीपेक्षा किती प्रगती केली यावर. समजा, एकीला नेहमी वीसपैकी सात मिळतात आणि तिला या खेपेस अकरा मिळाले, तर गटाच्या खात्यात तिची मोठी भर पडली. मग तिला शिकवण्यात सर्वांचाच फायदा. आणि तिला उत्तर चिकटवून देण्यात कोणाचाच नाही, कारण चाचणी ती एकटी देणार आहे.

उत्तर सांगणे आणि समजावून सांगणे यांत फार अंतर आहे, मैत्रिणींनो. कॅलिफोर्नियातल्या संशोधक नोरीन वेब यांनी गणिताच्या गटांतली मुलांची बोलणी बारकाईने तपासली. नुसते उत्तर हाती मिळालेल्या मुलाला त्याचा उपयोग होत नाही. आणि कारणांसकट उलगडून सांगणाऱ्या मुलाचा स्वतःचाच पाया पक्का होतो, असे त्यांना दिसले. यासाठी फार लांब जायला नको. पुरणपोळी आपल्याला येते; पण नव्या सुनेला शिकवताना ती विचारते, "पुरण सैल झाले तर काय करायचे?", "कणीक एवढी का तिंबायची?" तेव्हा आपल्यालाही पहिल्यांदा विचार करावा लागतो आणि आपली विद्या पक्की होते. हुशार मुलीचे नुकसान होते ते तिला चौघींचे काम एकटीने करावे लागते तेव्हा. चौघींना समजावून सांगावे लागते तेव्हा तिचे नुकसान होत नाही.

आता माझ्या वर्गात मी काय करते ते सांगते. नववीत माझ्याकडे छप्पन्न मुले-मुली. बाक जड, जागा बेताची. म्हणून पुढच्या बाकावरची दोघे मागे वळतात आणि चौघांचा गट होतो. एवढ्याला फर्निचर लागत नाही. चौदा गट होतात. गट मी पाडते, मुले नाहीत. मुलांवर सोडले तर ती आळीप्रमाणे बसतात, आडनावाप्रमाणे बसतात, ट्यूशनप्रमाणे बसतात. हे तुम्हांला मी वेगळे उलगडून सांगायला नको. एका गटात एक वाचनात पुढची, एक मागची, दोन मधल्या. मुली आणि मुलगे दोन्ही. आणि शक्यतो वेगवेगळ्या वस्त्यांतले. महिना-दीड महिना हा गट मोडत नाही.

कामे चार: एकाने वाचायचे, एकाने लिहायचे, एकाने प्रश्न विचारायचे, एकाने वेळ सांभाळायची आणि कोणी गप्प बसले आहे का ते पाहायचे. ही कामे दर खेपेस फिरतात. ती फिरवली नाहीत तर काय होते ते ऐका. मुलींचे अक्षर चांगले म्हणून लिहिण्याचे काम मुलींकडे जाते आणि उभे राहून बोलण्याचे काम मुलग्यांकडे. सभेची टिपणे आपण घ्यायची आणि भाषणे त्यांनी करायची, ही चाल नववीच्या बाकावरच पडते! मोडायची तर ती तिथेच मोडली पाहिजे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. १९७२ च्या दुष्काळावर मी एक पाठ घेतला होता. त्याचे चार भाग केले. पहिला, ओळीने अपुरे पडत गेलेले पावसाळे. दुसरा, पीक, चारा आणि जनावरे. तिसरा, दुष्काळी कामे: खडी फोडणे, रस्ते, बांधबंदिस्ती, पाझर तलाव, १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. आणि चौथा, त्यांतून पुढे आकाराला आलेली रोजगार हमी: वि. स. पागे यांचा त्यामागचा विचार, १९७७ साली विधिमंडळाने केलेला कायदा, १९७९ पासून त्याचा झालेला अंमल, आणि २००५ साली देशभरासाठी झालेला कायदा. प्रत्येक भागाचे चौदा जण झाले. त्यांचे सात-सात करून बसवले. त्यांनी आपला भाग वाचायचा, घरी कोणा वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसून ताळा घ्यायचा आणि मग जोड तासिकेत आपापल्या चौघांत येऊन सांगायचे.

एका गटात तिसरा भाग आला तो अशा मुलीकडे की जिचा आवाज वर्गाने वर्षभरात ऐकला नसेल. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जातात. ती आजीजवळ राहते. हजेरी तुटक, वाचन अडखळत. तिच्याच गटात आपल्या पेठेतली एक फार हुशार मुलगी होती. तिच्या मातोश्री मला शाळेत येऊन भेटल्या. त्या म्हणाल्या, "बाई, तिचा भाग तिला सांगता येणार नाही, आणि माझ्या मुलीचे पाच गुण बुडतील. गट बदला." मी गट बदलला नाही. मी एवढेच म्हटले की तो भाग पुस्तकातही आहे, आपली मुलगी परीक्षेआधी वाचू शकते; पण आधी तिला ऐकू द्या.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी सांगू लागली. वाचून दाखवताना दोनदा अडली. एक मुलगा कंटाळून खिडकीबाहेर पाहू लागला. ज्याच्याकडे प्रश्नांचे काम होते त्याने विचारले, "खडी फोडायची म्हणजे किती?" आणि तिने मान वर करून सांगितले की तिची आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती आणि कामावर होती. मजुरी मापावर, ढीग मापात भरला नाही तर पैसे कमी. हाताला फोड यायचे म्हणून चिंध्या बांधायच्या. सुकडी वाटली जायची ती पदरात घेऊन यायची, आणि घरी धाकट्या भावंडांना आधी द्यायची. पुस्तकात तीन ओळी होत्या. हिच्याजवळ आजी होती. शेजारचा गट माना वळवून ऐकू लागला. त्या हुशार मुलीने तिला सहा-सात प्रश्न विचारले आणि सगळे वहीत लिहून घेतले.

मी वर्गासमोर एकच वाक्य बोलले: "हिने माप आणि मजुरीचा संबंध नेमका सांगितला, तो सर्वांनी टिपून घ्या." हे मी मुद्दाम केले. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी गटकार्यावर १९८६ साली एक पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे असे की गटातही मुलांची प्रतवारी लागलेली असते. वरच्याचे चुकीचे बोलणेही मानले जाते आणि खालच्याचे बरोबर बोलणेही ऐकले जात नाही. म्हणून ज्याला कोणी मोजत नाही त्याने खरोखर चांगले केलेले काम शिक्षकाने सर्वांसमक्ष, नाव घेऊन, नेमके सांगावे. खोटी स्तुती मुले ओळखतात. खरी मात्र विसरत नाहीत.

चाचणीत त्या मुलीला वीसपैकी अकरा मिळाले. त्याआधी ती सहा-सातवर असे. हुशार मुलीला नेहमीप्रमाणे अठरा. तिचे पाच गुण बुडाले नाहीत, आणि रोजगार हमीवरचे तिचे उत्तर मी त्या वर्षी तपासलेल्या उत्तरांत सर्वांत जिवंत होते. मी यातून परीकथा काढणार नाही. ऊसतोडीच्या घरातली ती मुलगी पहिली-दुसरी आली नाही. ती दहावी बेताच्या गुणांनी उत्तीर्ण झाली. पण तिने शाळा सोडली नाही. दसऱ्यानंतर आईवडिलांबरोबर जाण्याची वेळ आली तेव्हा, "गटात माझा भाग आहे", असे कारण तिने आजीला सांगितले, हे खुद्द आजीनेच मला सांगितले. आपल्यावाचून कोणाचे अडते आहे हे ज्या मुलाला कळते ते मूल सहसा गळत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगते. मी रोज गट घेत नाही. आठवड्यातून दोन-तीन तासिका पुरतात. नवी कल्पना, नकाशा वाचण्याची रीत, सनावळींचा सांधा, हे मी फळ्यापाशी उभी राहूनच शिकवते. जे कोणालाच ठाऊक नाही ते मुले एकमेकांना कोठून सांगणार? मुले आपला भाग सांगत असतात तेव्हा मी गटागटांतून फिरते, कारण एकाने चुकीचे सांगितले तर चौघे चुकीचे शिकतात. वर्गात गलबला होतो, हे खरे. शेजारच्या वर्गाला त्रास होऊ नये म्हणून, आपल्या चौघांपलीकडे ऐकू जाणार नाही असा आवाज, हा आमचा नियम आहे. आणि तयारीला वेळ लागतो. एका पाठाचे चार भाग करणे हे सरळ व्याख्यान देण्यापेक्षा जास्त मेहनतीचे आहे. शिकवायचे काम मुलांवर ढकलले असे ज्या भगिनींना वाटते त्यांनी एकदा माझ्या घरी रविवारी संध्याकाळी चहाला यावे. टेबल पाहून त्या स्वतःच चार कागद कापू लागतील.

मिळून राहण्यातून शिक्षण होते, ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहात, एकत्र जेवत आणि हाताने कामे करीत. आणि आपल्या बायकांचेच उदाहरण हवे तर १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. त्या सात जणींत कोणी मालकीण नव्हती आणि कोणी नोकर नव्हती. म्हणूनच ते टिकले आणि वाढले. २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलांनी एकमेकांशी बोलत, मिळून शिकण्यावर भर दिला. आपली मुले मात्र अजून एकेकटी धावतात, एका ट्यूशनमधून दुसरीत. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा तर ती एकेका फोनसमोर बसली; आणि ज्या घरात तीन मुलांत एकच फोन होता तिथे तेही नाही. त्यानंतर वर्गात परतलेल्या मुलांना एकमेकांचे ऐकून घेण्याची सवय पुन्हा लावावी लागली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा भगिनींनो, माझे आपल्याजवळ तीन मागणे आहेत. पहिले असे की मूल घरी आले की "तुला किती गुण मिळाले?" याच्या जोडीला "आज तू कोणाला काय समजावून सांगितलेस, आणि कोणाकडून काय शिकलीस?" असेही विचारा. दुसरे असे की गटात कोण आहे यावरून गट बदलून मागू नका. मूल एकटेच काम ओढत असेल तर मला जरूर सांगा. ती माझी जबाबदारी आहे. पण सोबती कोणत्या वस्तीतला, हे कारण मजजवळ आणू नका.

तिसरे मागणे मंडळाकडे आहे. हे दालन रविवारी दुपारी दोन ते पाच बंद असते. आपल्या पेठेत आणि पलीकडच्या वस्तीत दहावीची अशी मुले आहेत की त्यांच्या घरी पाच माणसांत एक खोली आहे. त्यांना ट्यूशन नको आहे. चौघांनी बसायला जागा, एक दिवा आणि मध्येच कोणी उठवणार नाही एवढी शाश्वती हवी आहे. दालन मिळाले तर मी दर रविवारी येईन. तुमच्यापैकी दोघी-तिघी पाळीपाळीने येऊन नुसत्या बसल्या तरी पुरे. गणित यायला हवे असे नाही. मुलांना म्हणा, "मला समजावून सांग." अडाणी श्रोता भेटला की विद्यार्थ्याची परीक्षा फार चांगली होते! आणि या रविवारी पेठेतली मुले आणि वस्तीतली मुले एकाच सतरंजीवर बसतील, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर बोल नको.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी अध्यक्षबाईंना माझी विनंती आहे. किल्ली कोणाकडे राहावयाची, झाडलोट कोणी करावयाची आणि विजेच्या बिलाचा वाटा कसा उचलावयाचा, याचा कागद मी लिहून आणला आहे. तो कार्यवाहबाईंच्या हवाली करते.